सेमच तर आहेत की सगळे!

बंद झालेल्या मॉडेलचे घडीचे चाकू जमवणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे 'अहो, पण हे सगळे सेमच तर आहेत की!' बोलणारं माणूस बदलतं, कधी बायको, कधी मेहुणा, कधी फ्रिज दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक, वाक्य तेच. आणि गंमत म्हणजे ते दिसतात सेमच हो. दोन लाल चाकू, दोन्हींवर ढाल आणि ढालीत क्रॉस, दोन्ही 91 मिलिमीटरचे, दोन्हींना दोन पाती, एक डबा फोडायचं, एक बाटली उघडायचं, वर कात्री. मी म्हणतो, अगं नीट बघ, कात्रीचा स्क्रू बघ, ह्याला सरळ खाच आहे आणि त्याला फुलीची. यावर ती स्क्रूकडे बघतच नाही, माझ्याकडे बघते.

मॉडेल बंद होणं हे तसं समजण्यासारखं प्रकरण आहे. व्हिक्टोरिनॉक्स ह्या स्विस कंपनीचा चॅम्पियन होता, 1985 साली स्विसचॅम्प आला आणि त्याने चॅम्पियनची जागा घेतली, मामला क्लिअर. त्रास मॉडेलचा नाहीच, त्रास मॉडेलच्या पोटातल्या बदलांचा. म्हणजे नाव तेच, खोका तोच, पण मधेच कधीतरी पाठीला एक छोटा हुक आला (हा साधारण 1991 चा, पार्सलची दोरी बोटात रुतू नये म्हणून त्यात अडकवून उचलायची), कधी टोकाला यू आकाराची कडी होती ती जाऊन किल्ल्यांची गोल रिंग आली, कधी कॉर्कस्क्रूच्या (म्हणजे वाइनचं बूच काढायच्या मळसूत्राच्या) जागी फुलीचा स्क्रूड्रायव्हर आला आणि त्याला नावच वेगळं मिळालं. स्पार्टन नावाच्या मॉडेलचा कॉर्कस्क्रू काढून तिथे स्क्रूड्रायव्हर बसवा, टिंकर झाला. क्लाइंबरचं तेच करा, सुपर टिंकर. आता जोडीजोडीने एकाच ठिकाणी फरक असलेले हे चार चाकू चार वेगळ्या कप्प्यात का ठेवायचे हे ज्याला समजावून सांगावं लागतं त्याला ते कधीच समजत नाही, आणि ज्याला आपोआप समजतं त्याच्या घरातले लोक माझ्या घरातल्या लोकांइतकेच वैतागलेले असतात.

बरं, हे सगळं कुठे लिहून ठेवलेलं असेल असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही कारखाना बघितलेला नाही. कारखान्यातल्या माणसासमोर दोन खोकी असतात, एकात जुने स्क्रू, एकात नवे, आणि तो जुने संपेपर्यंत जुने लावतो, मधे चारदोन नवे लागतात, परत तळाशी जुने सापडले की परत जुने. त्याची शिफ्ट संपते, तो घरी जाऊन झोपतो. आणि पन्नासेक वर्षांनी मी इथे रात्री दीड वाजता भिंग घेऊन बसलोय आणि ह्या चाकूला 'संक्रमण काळातला दुर्मिळ प्रकार' म्हणतोय. दुर्मिळ कसला, खोकं हाताला लागलं नाही म्हणून झालेला प्रकार!

भाच्याला एकदा वेंगर आणि व्हिक्टोरिनॉक्समधला फरक शिकवायला बसलो. दोन्ही स्वित्झर्लंडच्याच सैन्याला चाकू पुरवणाऱ्या कंपन्या, 2005 साली व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतली आणि पुढे काही वर्षांनी त्या नावाचे चाकू निघायचे थांबले, त्यामुळे आमच्यासारख्यांच्या दृष्टीने आख्खी कंपनीच डिस्कंटिन्यूड. म्हटलं बघ, क्रॉसभोवती ढाल असेल तर व्हिक्टोरिनॉक्स, गोल कोपऱ्यांचा चौकोन असेल तर वेंगर. आणि लोगो घासला गेला असेल तर डब्याचं झाकण कापून बघायचं, व्हिक्टोरिनॉक्सचं पुढे पुढे कापत जातं आणि वेंगरचं मागे मागे. कात्रीला बारीक दाते दिसले तर वेंगर. पोरगं हुशार, म्हणालं, "मामा, म्हणजे ओळखायला आधी डबा विकत आणायचा?" मी हो म्हणालो. त्यानंतर तो आमच्याकडे आला की मोबाईलच बघत बसतो.

सैनिकांच्या चाकूचं त्या मानाने बरं आहे. 1961 पासूनच्या ॲल्युमिनियमच्या मुठीच्या चाकूवर सालच ठोकलेलं असतं, शेवटचे दोन आकडे, वाद मिटला. (सैनिकाच्या ह्या चाकूला कॉर्कस्क्रू नाही, ऑफिसरच्या नावाने निघालेल्या चाकूला आहे, यावरून सैन्यात कोणाची संध्याकाळ कशी जात असेल याचा अंदाज बांधायला हरकत नाही.) पण सगळेच एवढे सरळ नसतात. अमेरिकेच्या केस कंपनीने 1970 पासून पात्याच्या बुडाशी, म्हणजे टँगवर, टिंबं द्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी दहा आणि मग दर वर्षी एक कमी, म्हणजे 1979 ला एकच टिंब. ऐकायला सोपं वाटतं ना? आता मधल्या काळात कोणा काकांनी तो चाकू ओल्या खिशात ठेवला, गंज धरला, मग सॅंडपेपरने घासला आणि एक टिंब गेलं. चाकू एका वर्षाने तरुण! मी आख्खी संध्याकाळ ते सातवं टिंब आहे की गंजाचा ठिपका आहे यावर घालवलेली आहे, आणि तेवढ्यात दारावर कोणीतरी आलं तर हातात भिंग, कपाळाला टॉर्च आणि तोंडात टूथपिक अशा अवतारात दार उघडलेलं आहे. टूथपिक बिजागरीतला मळ काढायला. जुन्या चाकूच्या बिजागरीत खिशातले कापडाचे धागे, तंबाखू आणि तेल मिळून जो एक काळा गोळा तयार होतो तो हळूच निघतो आणि त्याखाली अक्षरं दिसायला लागतात, आधी 'ROST' मग 'FREI' (जर्मनमधे न गंजणारं), आणि त्या 'न गंजणारं'वरच नेमका गंज असतो.

आणि बक! बक ह्या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने 1986 पासून टँगवर सालासाठी खुणा ठेवल्या. 1986 ला डावीकडे टोक असलेला बाण, 1987 ला उजवीकडे, 1988 ला खाली, 1989 ला वर. शेजारचा मजकूर धड असेल तर काहीच अडचण नाही. तो पुसट असेल तर मात्र चाकू कुठून धरलाय त्यावर साल ठरतं. उजव्या हातात 86, डाव्या हातात 87. मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून बघितलंय.

विकणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं, पण बोलतोच. जुना चाकू विकायला काढणारा माणूस फोटो काढतो दहा, आणि त्यात टँग सोडून सगळं असतं. चाकू लाकडी टेबलावर, चाकू झाडाच्या पानांवर, चाकू शेजारी नाणं ठेवून, पातं अर्धवट उघडून अशा कोनात की मला हवी तेवढीच अर्धा सेंटिमीटर जागा सावलीत. मी नम्रपणे लिहितो, पात्याच्या मुळाशी काय लिहिलंय त्याचा क्लोजअप मिळेल का. उत्तर येतं, 'चाकू एकदम धारदार आहे.' परत विचारलं की तोच फोटो झूम करून. एकाने तर छोटा ओपिनेल (लाकडी मुठीचा फ्रेंच घडीचा चाकू) विकायला काढला होता, वर लिहिलेलं की ह्याला लॉकची रिंग, म्हणजे पातं मिटू नये म्हणून फिरवायची ती, नाही, रिंग 1955 साली आली, म्हणून हा त्याच्या आधीचा, दुर्मिळ. अहो, ओपिनेलच्या दोन ते पाच नंबरांना ती रिंग आजही नसते! सहा नंबरपासून पुढे असते. दुर्मिळच हवा असेल तर एक नंबर किंवा अकरा नंबर दाखवा, बारा आकारांच्या मालिकेतून तेच दोन कधीच गाळले गेलेत. हे मी त्याला सविस्तर लिहून पाठवलं. त्याने मला ब्लॉक केलं आणि किंमत वाढवली.

पण सगळ्यात जीवघेणी जात म्हणजे सांभाळून ठेवणारे लोक. ज्यांनी चाकू फेकून दिला, खड्ड्यात पाडला, गाडीखाली घातला, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांच्या चाकूवर पुरावा तरी शिल्लक असतो. सांभाळून ठेवणारा माणूस विकायच्या आदल्या दिवशी चाकूला बफिंगचं चाक लावतो. आरशासारखा चकचकीत, आणि टँग एकदम कोरा, नाव नाही, साल नाही. वर प्रेमाने सांगतो, 'तुमच्यासाठी खास पॉलिश करून घेतला.' त्याच्याही पुढचा प्रकार म्हणजे दुरुस्ती. लाल पट्ट्या मुठीला नुसत्या दाबून बसवलेल्या असतात, त्या निघतात आणि दुसऱ्या बसतात, टूथपिक आणि चिमटा तर कोणीही कुठलाही खुपसतो, आणि रिव्हेट काढून परत ठोकणारा उत्साही माणूस भेटला की मग पाती पण बदलतात.

असा एक माझ्याकडे आलाय. पाठीला हुक नाही म्हणजे जुना, पण पट्ट्या कोऱ्या नव्या, कडीची खूण आहे पण लटकवलीय रिंग, कात्री कुठल्या दशकातली ते अजून ठरत नाहीये आणि चिमटा तर दुसऱ्याच कंपनीचा, तो नीट आत जातही नाही. ड्रॉवरमधे मी कंपनीप्रमाणे आणि काळाप्रमाणे कप्पे केलेत, लेबलं लावलीत, पण ह्याला कुठे ठेवायचं हे ठरेना तेव्हा बायको म्हणाली, "एक नवीन कप्पा करा ना, 'बघू' म्हणून." चेष्टेत म्हणाली, पण मी केला. आता त्या 'बघू'च्या कप्प्यात इतके झालेत की बाकीच्यांना सरकवून जागा करावी लागतीये, आणि परवा आलेल्या केसचं सातवं टिंब पण अजून तिथेच आहे.