कणखरपणा नंतर बघू, आधी कोर्ट बघा

मराठवाड्यातले कॉलेजचे टेनिस संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेत लवकर बाद होतात ते 'मानसिक कणखरपणा' नसल्यामुळे, असं एका लेखात म्हटलंय. लातूरला १४ वर्षं पोरांना टेनिस शिकवतोय, म्हणून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आमचं कोर्ट मातीचं. त्याला रोज पाणी मारावं लागतं, रोलर फिरवावा लागतो. नाहीतर माती सुटते आणि चेंडू कुठं कसा उसळेल नेम नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात तर प्यायचं पाणीच मिरजेहून रेल्वेनं येत होतं, कोर्टावर मारायचं कुठल्या तोंडानं? मग पोरांना व्हॉलीच घोटून घेतली, चेंडूचा टप्पाच पडू द्यायचा नाही! (त्या वर्षी दुहेरीची जोडी भारी खेळली, ते वेगळं.)

स्पर्धा मात्र हार्ड कोर्टवर, म्हणजे सिमेंटसारख्या कडक कोर्टवर. मातीवर चेंडू उंच उठून सावकाश येतो, तिथं तो खाली राहून झपकन येतो. पोरगं रॅकेट मागं नेईस्तोवर पॉइंट गेलेला. सवय व्हायला आठ-दहा दिवस तरी हवेत, मिळते एक संध्याकाळ. त्यात आम्ही आतल्या हवेचा दाब गेलेले, मंद चेंडू महिना-महिना वापरतो. स्पर्धेत नव्या चेंडूंचा डबा उघडला की चेंडू जास्त उडतो, पहिल्या गेममध्ये सगळ्यांच्या सर्व्हिस बाहेर.