गोळ्या सुरू कर, पृथ्वीचं पृथ्वी बघून घेईल

माझी भाची खानापूरला असते. सातवा महिना चालू आहे. परवा भेटायला गेलो तर कॉट भिंतीपासून ओढून खोलीत तिरकी घातलेली, आणि लोहाच्या लाल गोळ्यांची पट्टी कपाटावर तशीच पडलेली. "बंद केलोय मामा," म्हणाली आणि मोबाइल पुढे केला.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. म्हणणं असं: पृथ्वीच्या पोटात प्रचंड लोहचुंबक आहे. त्याचा जोर उतरायला लागलाय आणि तो लवकरच एका रात्रीत उलटा होणार. तेव्हा ज्यांच्या रक्तात लोह जास्त, त्यांचं रक्त डोक्याकडे ओढलं जाणार. म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करा, उत्तरेला डोकं करून झोपू नका आणि चुंबकाची गादी घ्या. गादीसाठी फोन नंबर खाली आहेच.

बेळगावच्या उद्यमबागेत लोखंड वितळवायच्या भट्टीवर माझी बावीस वर्षं गेलीत, तेव्हा आधी त्या चुंबकाचं बघू. स्क्रॅप उचलायच्या मॅग्नेटला थंड पिग आयर्न (कच्चं लोखंड), पत्र्याचे तुकडे, फुटकं कास्टिंग (साच्यात ओतलेला भाग), सगळं चिकटतं. मोल्डमधून नुकतं काढलेलं लालभडक कास्टिंग मात्र ढिम्म हलत नाही. 770 अंश सेल्सिअसच्या वर लोखंड चुंबकाला ओळखच देत नाही. आणि पृथ्वीच्या गाभ्यात तर हजारो अंश तापमान. तिथे लोहचुंबक आहे असं लिहिणारा कधी भट्टीजवळ उभा राहिलेला नाही, एवढं नक्की.

मग होकायंत्राचा काटा कशानं फिरतो? पायाखाली 2,900 किलोमीटरवर वितळलेल्या लोखंड-निकेलचा थर लागतो, सव्वादोन हजार किलोमीटर जाडीचा. त्याच्या आतला घन गोळा गोठत गोठत वाढतोय. गोठताना उष्णता सुटते आणि हलकी द्रव्यं वर निघतात, वितळलेल्या लोखंडाच्या लेडलमध्ये, म्हणजे पळीत, स्लॅग (मळी) वर येतो तशी. त्यानं सगळा थर ढवळला जातो आणि पृथ्वी फिरते म्हणून प्रवाहांना पीळ पडतो. वेग वर्षाला दहा-वीस किलोमीटर, म्हणजे मुंगीसुद्धा पुढे जाईल. पण असा धातू किंचितशा चुंबकीय क्षेत्रातून जरी सरकला तरी त्यात वीज उठते, त्या विजेचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि ते जुन्याला जोर देतं. इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, आम्ही हेच उलटं करतो. कॉइलच्या क्षेत्रानं पातळ लोखंडात वीज उठते, ते आपोआप ढवळतं आणि मधोमध फुगून वर येतं. खाली ढवळणं आधी, क्षेत्र नंतर. सायकलच्या डायनॅमोत चुंबक आयता बसवलेला असतो, इथे तोही नाही.

कागदावरची गोष्ट वाटत असेल तर लात्व्हियातल्या रीगा शहराजवळ 1999 मध्ये काय झालं ते बघा. तिथे द्रव सोडियम पंख्यानं जोरात फिरवलं. आत कायमचा चुंबक नव्हता, तरी एका वेगापुढे क्षेत्र आपसूक वाढायला लागलं.

सूर्य दर अकरा वर्षांनी ध्रुव पालटतो असंही मेसेजात आहे, आणि ते खरं आहे. पण सूर्यात कसला आलाय लोहचुंबक? तिथेही तप्त, वीज वाहणारा वायूच घुसळतोय. म्हणजे पहिला मुद्दा यांनी स्वतःच खोडला. क्षेत्र गेलं की हवा उडून जाते, असंही मेसेजवाले म्हणतात. शुक्राला स्वतःचं क्षेत्र नाही आणि त्याच्या हवेचा दाब आपल्या नव्वदपट आहे. पुढे चला.

पृथ्वीचं क्षेत्र उतरतंय, हे मात्र मान्य करावं लागतं. गेल्या दोनशे वर्षांत सुमारे नऊ टक्के. पण असे चढउतार होतच आलेत. आणि ध्रुवांची पलटी? खानापूरच्या पॅसेंजरमध्ये बसलात की वाटेत देसूर लागतं. दख्खनच्या लाव्ह्याच्या अगदी वरच्या थरांना भूवैज्ञानिकांनी त्याच गावाचं नाव दिलंय. लाव्हा थंड होताना त्यातले लोहखनिजाचे कण त्या वेळच्या क्षेत्राची दिशा धरून बसतात. सह्याद्रीतल्या लाव्ह्याचा मोठा भाग उलट्या ध्रुवांच्या काळातला आहे, वरचे थर सुलट्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची पलटी आपल्याच डोंगरात लिहिलेली आहे. शेवटची झाली साधारण 7,80,000 वर्षांपूर्वी, आणि एकेका पलटीला हजारो वर्षं लागतात. एका रात्रीत उलटते ती फक्त आमच्या भाचीची कॉट. डायनासोर त्याच सुमारास गेले ना, असं ग्रुपवर एकानं ऐकवलंच. गेले, पण ध्रुव उलटे होऊन स्थिर असताना. संशय मेक्सिकोत आदळलेल्या अशनीवर आणि याच लाव्ह्यावर आहे, होकायंत्रावर नाही.

आता रक्त. इथे माझं डोकं फिरतं. सगळ्या शरीरातलं लोह गोळा केलं तर चारेक ग्रॅम, एक खिळा. तेही लोखंडाच्या भुशासारखं नाही, बहुतेक हिमोग्लोबिनमध्ये एकेक अणू बांधलेला. ऑक्सिजन घेतलेलं रक्त तर चुंबकापासून किंचित दूरच सरतं. बेळगावात रोज माणसं एमआरआयच्या नळीत झोपतात. दीड टेस्लाचं ते यंत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीसेक हजारपट. कुणाचं रक्त डोक्यात चढलं? आणि चुंबक रक्त ओढतो म्हणून घाबरवायचं आणि उपाय म्हणून चुंबकाचीच गादी विकायची, हे लिहिताना एकालाही हसू आलं नसेल?

भाचीचं हिमोग्लोबिन 9.2 आहे. गरोदरपणी 11 च्या खाली गेलं की रक्त कमी समजतात. एका लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं, पृथ्वीच्या खिजगणतीतही नाही, पण पोटातल्या बाळाला ते लागतं. तीन आठवडे ती गोळ्यांविना राहिली, कुणीतरी गादी खपवायची म्हणून.

तिला सांगून आलो: आजपासून परत सुरू कर, चहाबरोबर घेऊ नको, लिंबूपाणी चालेल. पोट बिघडलं तर डॉक्टरीणबाईंना विचार, ग्रुपला नको. काल फोन केला. "घेतोय मामा," म्हणाली. कॉट मात्र अजून तिरकीच आहे. सासूबाई हलवू देत नाहीत.