‘छोट्या फ्रेमवर्कमध्ये फोकस सांभाळता येत नाही’ हे खरं नाही

वेब डेव्हलपरांच्या गप्पांत एक सल्ला सतत फिरत असतो: “अल्पाइनसारखी छोटी फ्रेमवर्क मेनू उघडण्या-मिटण्यापुरती ठीक आहेत. कीबोर्डचा फोकस नीट सांभाळायचा तर रिॲक्टसारखं मोठं काहीतरी घ्या. मोडल तर छोट्यात करूच नका. आणि अगदी करायचंच असेल, तर डिव्हला टॅबइंडेक्स शून्य लावा, काम झालं.” (फ्रेमवर्क म्हणजे वेबपानं बांधायची तयार चौकट; अल्पाइन आणि रिॲक्ट ही त्यांतली दोन. फोकस म्हणजे कीबोर्डच्या कळा या क्षणी ज्या घटकावर चालतात ती जागा. मोडल म्हणजे पानावर उघडणारी, मागचं पान अडवणारी खिडकी. डिव्ह म्हणजे पानातला नुसता डबा, आणि टॅबइंडेक्स म्हणजे टॅबने त्याच्यावर पोचता येईल का ते ठरवणारी खूण.) हा सल्ला चुकतो तेव्हा त्याचा त्रास माउस न वापरणाऱ्या माणसांना होतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“फोकससाठी मोठं फ्रेमवर्क हवं.” फोकस फ्रेमवर्कचा नसतोच, ब्राउझरचा असतो. रिॲक्टमध्येही इनपुटवर फोकस न्यायचा तर रेफ (त्या घटकाकडे नेणारा दुवा) घेऊन त्याची ‘फोकस’ ही मेथड बोलवावी लागते; त्यांच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्येही हाच मार्ग दिला आहे. अल्पाइनमध्ये एक्स-रेफ लावून तीच मेथड बोलवतात.

हा समज कुठून आला असावा, याचा मला अंदाज आहे. बटण दाबल्यावर भाग उघडा आहे का ते सांगणारं ‘ओपन’ ट्रू करायचं आणि लगेच पुढच्या ओळीत आतल्या इनपुटवर फोकस टाकायचा, असं बरेच जण लिहितात. मीही लिहिलं आहे. काहीच होत नाही, कन्सोलमध्ये एररही दिसत नाही, आणि खापर फ्रेमवर्कवर फुटतं. खरं कारण साधं आहे: त्या क्षणी एक्स-शोने (अल्पाइनच्या दाखवा-लपवा सूचनेने) लपवलेला भाग अजून लपलेलाच असतो, आणि लपलेल्या घटकाला ब्राउझर फोकस देत नाही. फोकसची ओळ अल्पाइनच्या नेक्स्ट-टिक या सोयीत हलवली की पान बदलून झाल्यावर ती चालते.

“मोडल छोट्यात करूच नका.” अल्पाइनला वरून जोडायचं फोकस प्लगिन नेमकं यासाठीच आहे. त्यातलं एक्स-ट्रॅप लावलं की मोडल उघडं असेपर्यंत टॅब आतच फिरतो आणि मिटल्यावर फोकस आधीच्या जागी परततो. सोबत ‘इनर्ट’ जोडलं तर पानाचा बाकीचा भाग स्क्रीन रीडरपासूनही (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरपासून) लपतो. एस्केपने मोडल मिटवण्याची ओळ मात्र आपण लिहायची, आणि ती विसरायची नाही: कीबोर्डवाला आत अडकून पडू नये, ही डब्ल्यूसीएजीमध्ये (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या निकषांमध्ये) अगदी पायाभूत ‘ए’ पातळीची अट आहे. शिवाय मार्च 2022 पासून डायलॉग हा एचटीएमएलचा घटक सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आहे. तो शो-मोडल या मेथडने उघडला तर मागचं पान निष्क्रिय करणं, एस्केपने मिटणं आणि फोकस परत देणं ही कामं ब्राउझरच करतो. त्यासाठी फ्रेमवर्कही लागत नाही.

“टॅबइंडेक्स शून्य लावा, काम झालं.” सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. टॅबइंडेक्समुळे डिव्हवर फोकस पोचतो, एवढंच. त्यावर एंटर किंवा स्पेस दाबलं तर क्लिक होत नाही. स्क्रीन रीडरही त्याला बटण म्हणत नाही, कारण तो काय आहे हे सांगणारा रोल त्याला नाही. म्हणजे कीबोर्डवाला दारापर्यंत येतो आणि कडी हलत नाही. रोल, एंटर, स्पेस हे सगळं हाताने जोडत बसण्यापेक्षा सरळ बटण हा घटक वापरा. त्याला हे जन्मजात येतं. दिसायला आवडत नसेल तर सीएसएसने बदला, पण फोकस कुठे आहे ते दाखवणारी कड पुसून टाकू नका. माउसने क्लिक केल्यावर ती नको असेल तर सीएसएसमधलं फोकस-व्हिजिबल आहेच.

टॅबच्या पट्टीत (पानातले विभाग बदलणाऱ्या बटणांच्या रांगेत) किंवा मेनूत तर प्रत्येक घटकाला शून्य देणं उलटंच पडतं: दहा पर्याय ओलांडायला दहा वेळा टॅब. तिथे एकालाच शून्य आणि बाकीच्यांना उणे एक द्यायचं, आणि आत बाणांच्या कळांनी फिरायचं. प्लगिनमधल्या डॉलर-फोकसने पुढचा-मागचा घटक एका ओळीत गाठता येतो.

दाव्यात खरं आहे ते एवढंच: टाइप करता करता सुचवणाऱ्या कॉम्बोबॉक्ससारख्या अवघड गोष्टींसाठी रिॲक्टकडे नीट तपासलेले तयार कॉम्पोनंट जास्त आहेत. तसं पान असेल तर ते जरूर घ्या. पण यादीतली ओळ काढून टाकल्यावर तिच्यातलं ‘काढा’ बटणही जातं आणि फोकस बॉडीवर, म्हणजे अख्ख्या पानावर, जाऊन पडतो, हे तिथेही घडतं. तो पुढच्या ओळीवर न्यायचा की यादीच्या मथळ्यावर, हे ठरवून तेवढी एक ओळ दोन्हीकडे आपल्यालाच लिहावी लागते.