मीटिंगचा पत्ता

मी सात वर्षे 'क्लीन', म्हणजे नशेपासून दूर, आहे. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी माझे व्यसन सुरू झाले. न्यू जर्सीतली नोकरी, घराचे हप्ते आणि मंडळाचा गणपती सारे सुरळीत चालू असल्यामुळे ते बराच काळ कोणाच्या लक्षातही आले नाही. उपचारांनंतर घरी सोडताना समुपदेशक बाईंनी औषधांच्या कागदाबरोबर आणखी एक कागद हातात ठेवला. माझ्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर भरणाऱ्या नार्कोटिक्स ॲनॉनिमस या व्यसनी माणसांनीच एकमेकांना सावरण्यासाठी चालवलेल्या संघटनेच्या मीटिंगांचे वार, वेळा आणि पत्ते त्यावर छापलेले होते. पहिल्या संध्याकाळी मी चर्चच्या तळघरात शिरलो तेव्हा एक म्हातारा गृहस्थ गोलाकार खुर्च्या मांडत होता. त्याने नाव विचारले, आडनाव नाही, आणि निघताना एक पांढरी चकती हातात दिली. ती अजून माझ्या किल्ल्यांना आहे.

गेल्या पावसाळ्यात वडिलांच्या आजारपणासाठी दीड महिना साताऱ्यापलीकडच्या आमच्या गावी होतो. रात्री जेवताना चर्चा हमखास 'एमडी'वर, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थावर यायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या कारखान्यातून मेफेड्रोनचा प्रचंड साठा पकडला गेला, त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यातल्या पबवर बुलडोझर फिरले, आणि तेव्हापासून आमच्या घरात दोन तट पडले आहेत. काका म्हणतात, विकणाऱ्यांना फासावर द्या. आत्या म्हणते, पोरांना व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन डांबा. दोघांच्याही बोलण्यात पोरगा केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचा दिवस येत नाही. वास्तविक अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातच, कलम ६४-अ नुसार, स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. हे मी ताटावर सांगितले, तेव्हा काकांनी माझ्याकडे संशयाने पाहिले.

आपल्याकडे काहीच नाही, असे मी म्हणणार नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने रुग्ण घरी गेल्यावरचा पाठपुरावा आणि कुटुंबाला सोबत घेणे या गोष्टी मराठी माणसाला फार पूर्वीच दाखवून दिल्या. अमेरिकेचेही गोडवे गाण्याचे कारण नाही: १९५३ मध्ये लॉस एंजेलिसजवळ सुरू झालेली नार्कोटिक्स ॲनॉनिमसची चळवळ तिथे गल्लोगल्ली असूनही २०२१ ते २०२३ या प्रत्येक वर्षी तिथे एक लाखाहून अधिक माणसे अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मेली. काही मीटिंगांत तर व्यसनावरच्या उपचारासाठी बुप्रेनॉर्फिनसारखे औषध घेणाऱ्याला 'तू क्लीन नाहीस' असे ऐकवतात, ते मला अजिबात पटत नाही. मीटिंग हा औषधाला पर्याय नव्हे.

तरीही मला ती लागते. सुरुवातीला पहाटे पाच वाजता गच्चीवर जाऊन न्यू जर्सीची संध्याकाळची मीटिंग फोनवर ऐकायचो. आईला वाटायचे, पोरगा ध्यान करतो. मग संकेतस्थळावर शोधून, दोन फोन करून पुण्यातली एक मीटिंग मिळाली आणि एसटीने स्वारगेटला गेलो. तिथे पहिल्यांदा 'मी ॲडिक्ट आहे' हे वाक्य मराठीत उच्चारले, आणि इंग्रजीत सात वर्षे सहज म्हटलेले ते वाक्य घशात अडकले. इतरांनी काय सांगितले ते लिहिणार नाही. तिथले तिथेच ठेवायचे असते.

अडचण आहे ती पत्ता कळण्याची. या संघटनेचा नियमच आहे की जाहिरातबाजी करायची नाही, बाहेरून देणगी घ्यायची नाही, सभासदाचे नाव बाहेर जाऊ द्यायचे नाही. त्यामुळे इथे आहोत हे सांगण्याचे बरेचसे काम दुसऱ्यांनाच करावे लागते. माझ्या अमेरिकेतल्या गावात ते रुग्णालय करते, वाचनालय करते, चर्च करते. आमच्या गावात 'तुम्ही कोणाचे?' हा पहिला प्रश्न असतो, म्हणून व्यसनी माणूस कोणाला विचारू शकत नाही, आणि ज्याला ठाऊक असते तो ओळखला जाण्याच्या भीतीने सांगत नाही. केंद्रातून निघणाऱ्या मुलाच्या डिस्चार्जच्या कागदावर वार, वेळ आणि पत्ता अशी एक ओळ छापायला काडीचाही खर्च नाही. बुलडोझरच्या डिझेलहून तर नक्कीच कमी.

निघण्याच्या आदल्या दिवशी पुण्याच्या मीटिंगचा पत्ता आणि राष्ट्रीय हेल्पलाइनचा १४४४६ हा क्रमांक चिठ्ठीवर लिहून मी आमच्या जुन्या डॉक्टरकाकांना दिला. कोणासाठी, असे त्यांनी विचारले. माझ्यासाठी, असे मी सांगितले. ते काही क्षण गप्प राहिले, मग टेबलाची काच थोडी उचलून त्यांनी चिठ्ठी आत सरकवली. अक्षरे खाली, कोरी बाजू वर.