गर्भाची पिशवी काढायची की नाही, हे त्या बाईला कोण विचारणार?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे, वाचायचं तर वाचा.

वहिनीला घेऊन तालुक्याला गेले होते. वय ३३. चार-सहा महिन्यांपासून अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते. कापूस वेचणीचे दिवस, एक दिवसाची मजुरी बुडवून, काळीपिवळीत कोंबून घेऊन, सकाळी नऊला नंबर लावला तेव्हा दीड वाजता आत घेतलं. सोनोग्राफीचा कागद पाहिला आणि मॅडम म्हणाल्या, पिशवीला सूज आहे, काढून टाका, ठेवली तर पुढं कॅन्सर होईल. वहिनी म्हणाली, गोळ्यांनी नाही का होत मॅडम? तर म्हणे, दोन लेकरं झालीत ना, आता काय करायचं आहे पिशवीचं? मिस्टरांना पाठवून द्या, मी त्यांच्याशी बोलते.

मिस्टरांशी! दुखणं हिचं, पोट हिचं, ही समोर खुर्चीवर बसलेली, आणि बोलणार कोणाशी तर मिस्टरांशी.

माझ्या डोळ्यासमोर तिथल्या तिथं माय उभी राहिली.

२००४ चा उन्हाळा, मी नववीत. मायच्या अंगावरून खूप जायचं, ती ३६ वर्षांची होती. डॉक्टरनं बाबांना बाहेर बोलावून सांगितलं, सही बाबांची घेतली, बाबांनी एक बैल विकला आणि ऑपरेशन झालं. मायला एवढंच माहीत की पिशवी काढली. त्यानंतर ऐन थंडीत ती रात्री उठून ओट्यावर जाऊन बसायची, अंगातून जाळ निघते म्हणायची. शेजारच्या बाया म्हणायच्या नजर लागली, उतरवून टाका.

आता कोणी म्हणेल डॉक्टरांवर लोड किती असतो. असतो, बाहेर मी मोजल्या, साठ-सत्तर बाया होत्या. आणि काही जणींना ऑपरेशन खरंच करावं लागतं, तेही मान्य. पण मग दोन वाक्यं बोलायला किती वेळ लागतो हो? पांढरं पाणी बरेचदा इन्फेक्शननं जातं आणि ते औषधानं थांबतं. कॅन्सरची भीती घातली ना, मग पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी पॅप स्मिअरची साधी तपासणी असते, तिचं नावसुद्धा निघालं नाही. आपल्याच गडचिरोलीत डॉ. राणीताई बंग यांनी दोन गावांतल्या बाया तपासल्या, १९८९ साली लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आलं, शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला. मग काय ९२ जणींच्या पिशव्या काढायच्या?

२०१९ मधे माय अंगणात घसरली, मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं. सेवाग्रामला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी विचारलं पाळी कधी बंद झाली, जुने कागद आहेत का. मायनं पेटीत जपून ठेवलेली कागदांची पन्नी आणली होती. त्यांनी कागद वाचला आणि अगदी हळू आवाजात, तिच्याकडे पाहून, मराठीत सांगितलं, मावशी, पिशवीसोबत दोन्ही अंडाशयं पण काढली आहेत, त्यामुळे पाळी एकदम गेली, अंगातून जाळ निघायचा तो त्यानंच, आणि हाडं पण त्यामुळेच लवकर ठिसूळ झाली. माय बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हंजे माह्यातून काय काय काढलं, मले सांगितलंच नाही कोणी."

पंधरा वर्षं. तो कागद आमच्याच घरात होता. मी शाळेत इंग्रजी शिकवते आणि एकदाही तो उघडून वाचला नाही, हे मला झोपू देत नाही.

बाबांचा राग मला येत नाही, त्यांना जे सांगितलं त्यावर विश्वास ठेवला बिचाऱ्यांनी. पण कायद्यानं सही बाईचीच लागते. २००८ मधे सुप्रीम कोर्टानं एका केसमधे स्पष्ट सांगितलं, पेशंट बेशुद्ध असताना तिच्या आईची सही घेऊन पिशवी आणि अंडाशयं काढली होती, ते चालत नाही, जाणती बाई आहे तर तिलाच विचारा, शुद्धीवर येईपर्यंत थांबा. पोटच्या पोरीसाठी आईची सही चालत नाही, तिथं मिस्टरांना पाठवा म्हणता!

परत येताना वहिनी गाडीत काहीच बोलली नाही. फाट्यावर उतरल्यावर म्हणे, "ताई, खरंच काढा लागते का वो?" मी डॉक्टर नाही, मी काय सांगू. घरी मायनं सगळं ऐकलं, चुलीवरचा तवा उतरवला, पेटीतून पन्नी काढली आणि वहिनीच्या हातात दिली. दादाला म्हणाली, तू सही करशील तर पाय मोडून ठेवीन.

सोमवारी पहाटेच्या एसटीनं सेवाग्रामला निघतोय, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला. माय पण येते म्हणते. गावातल्या ज्या कोणाची पिशवी काढली असेल, काकू असो मावशी असो, डिस्चार्जचा कागद घेऊन रविवारी दुपारी घरी या. काय लिहिलं आहे ते वाचून मराठीत सांगते. फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका, कागद घेऊन स्वतः या.