नागपूरचं ऊन बेडकांना वाचवणार नाही

पाऊस लागला की नागपूरच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज फिरू लागतो. सोसायट्यांच्या गटांवर येतो, सकाळी अंबाझरीला फिरायला जाणाऱ्यांच्या गटांवर येतो, निसर्गप्रेमींच्या गटांवरही येतो. मजकूर साधारण असा: बेडूक मारणारी ती बुरशी थंड देशांची आहे, आपल्या ४५ अंशांत ती जगूच शकत नाही. भारतातल्या बेडकांना ती होत नाही. झालीच तर कातडीचा आजार, त्यानं कोणी मरत नाही, आणि थोडे मेले तरी निसर्ग भरून काढतो. तेव्हा खुशाल गावाकडून बेडूक आणा, सोसायटीच्या टाक्यांत आणि विहिरींत सोडा, डेंग्यू पळेल. शेवटी एक सल्ला: मेलेले बेडूक दिसले तर त्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाका.

उन्हाचा मुद्दा बराचसा खरा आहे, आणि तो पटला की पुढचं सगळं आपोआप गळी उतरतं. म्हणून आधी तोच घेतो.

'नागपूरच्या उन्हात बुरशी टिकत नाही'

या बुरशीचं नाव बॅट्राकोकायट्रियम डेन्ड्रोबॅटिडिस. सगळे तिला कायट्रिड म्हणतात, आपणही तेच म्हणू. ऑस्ट्रेलिया आणि पनामातल्या मेलेल्या बेडकांच्या कातडीत ती सापडल्याचं १९९८ साली जाहीर झालं, १९९९ साली तिला नाव मिळालं. १७ ते २५ अंश तापमान तिला मानवतं. २८ च्या वर तिची वाढ खुंटते आणि प्रयोगशाळेत ३७ अंशांत चार तास ठेवली तर ती मरते. ऑस्ट्रेलियात संशोधकांनी छोट्या हरितगृहांमध्ये भोकांच्या विटा रचून बेडकांना बसायला उबदार जागा करून दिली. बाधित बेडूक त्या भोकांत बसले आणि बरे झाले. २०२४ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. उष्णता या रोगावर औषध आहे, यात वाद नाही.

पण ते औषध बेडकाच्या अंगाला लागलं पाहिजे ना! २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता. तेव्हा बेडूक कुठे होते? जमिनीत. आपल्याकडच्या बिळकऱ्या बेडकाच्या मागच्या पायाला, टाचेपाशी, फावड्यासारखी कडक कड असते. तो मागे मागे सरकत माती उकरतो आणि ओल लागेपर्यंत खाली जातो. मोठे बेडूक तळ्याच्या गाळात रुततात. खरबरीत पाठीचा भेक न्हाणीच्या मोरीत, कुंडीखाली, माठाच्या तिवईखाली दिवस काढतो. कातडी सुकली की बेडूक मेला, म्हणून उन्हापासून लांब राहण्यातच त्याचा सगळा उन्हाळा जातो. त्याच्या कातडीतली बुरशीही त्याच्यासोबत त्याच गारव्यात बसते. हवामान खात्याचा आकडा हवेचा असतो, बेडकाच्या पाठीचा नव्हे.

बेडूक बाहेर पडतो तो मृगात. ऑगस्टमध्ये नागपूरचं कमाल तापमान ३० च्या आसपास असतं आणि रात्री २४ पर्यंत उतरतं. बेडकाचं खाणं, ओरडणं, जोडी जमणं, अंडी घालणं, सगळं रात्रीच. हिवाळ्याचं तर बोलायलाच नको. २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ वर आला होता. कायट्रिड ४ अंशांपर्यंत हळूहळू वाढत राहते. म्हणजे उन्हाळा वगळला तर तिला इथे फारशी अडचण नाही, आणि उन्हाळ्यात बेडूकच उन्हात नाही.

शिवाय नागपूर काही बेटावर वसलेलं नाही. पावसाळ्यात शनिवार-रविवार आला की अर्धं शहर चिखलदऱ्याला आणि पचमढीला धावतं. दोन्ही ठिकाणं हजार मीटरच्या वर, ढगात बुडालेली, ओली आणि गार, म्हणजे बुरशीला हवी तशीच. कायट्रिडचे पोहणारे बीजाणू तळ्याच्या पाण्यात सात आठवड्यांपर्यंत तग धरू शकतात. नागपूरच्या गोरेवाडा तलावाच्या काठावरचा चिखल बुटाला तसाच ओला ठेवून मेळघाटातल्या ओढ्यात उतरलं, तर नागपूरचं ऊन मेळघाटातल्या बेडकांच्या काय कामाचं? मला खरी काळजी आहे ती याची.

'भारतातल्या बेडकांना होत नाही'

होते. पश्चिम घाटातल्या बेडकांमध्ये कायट्रिड असल्याची नोंद २०११ साली झाली. २०१३ साली घाटाच्या उत्तर भागातल्या, म्हणजे आपल्या सह्याद्रीकडच्या, प्रदेशनिष्ठ (फक्त तिथेच आढळणाऱ्या) बेडकांमध्येही ती सापडली. भारतात या बुरशीनं बेडकांचा सामूहिक मृत्यू झाल्याची नोंद मात्र नाही. मेसेज लिहिणाऱ्यानं 'मेले नाहीत' याचं 'होत नाही' करून टाकलं आहे.

न मरण्याचं एक कारण जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. २०१८ सालच्या मोठ्या अभ्यासाप्रमाणे या बुरशीचं मूळ पूर्व आशियात, कोरियाच्या परिसरात आहे, आणि जगभर ती पसरली ती मुख्यतः गेल्या शतकात, उभयचरांच्या व्यापाराबरोबर. आशियातल्या बेडकांची तिच्याशी जुनी ओळख असावी. पण पनामात आणि ऑस्ट्रेलियात ज्या वाणानं कहर केला तो नवा आहे, आणि वेगवेगळे वाण एका ठिकाणी आले की त्यांचा संकर होतो. ब्राझीलमध्ये असे संकर सापडले आहेत. आपल्या बेडकांना घरच्या बुरशीची सवय असली, तरी बाहेरून आलेलीची असेलच असं नाही. आफ्रिकेतला नखवाला बेडूक १९३० च्या दशकापासून गर्भचाचणीसाठी देशोदेशी पाठवला गेला, पुढे हौसेच्या मत्स्यालयांतही पोचला. तो स्वतः सहसा मरत नाही, बुरशी मात्र अंगावर बाळगतो.

'कातडीचाच तर आजार आहे'

माणसाला गजकर्ण होतं तसं काहीतरी असेल, असं समजून हे लिहिलेलं आहे. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीनं पितो. श्वासही बराचसा कातडीतूनच घेतो. रक्तातलं सोडियम-पोटॅशियम किती राहावं हेही कातडीच सांभाळते. कायट्रिड नेमकी तिथे बसते. कातडी जाड होते, क्षार आत घेणं थांबतं, रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम घसरतं आणि शेवटी हृदय बंद पडतं. २००९ साली हे सिद्ध झालं. असा बेडूक भरदिवसा उघड्यावर बसून राहतो, हात जवळ नेला तरी उडी मारत नाही, उलटा केला तर सुलटा होत नाही.

बेडूकमाशांचं आणखी वेगळं. एखादा बेडूकमासा ओंजळीत घेऊन भिंगातून बघा: तोंडाशी काळी चोच आणि दातांच्या बारीक काळ्या रांगा दिसतील. त्याच्या अंगावर केराटिन (आपल्या नखांत असतं ते कठीण द्रव्य) असतं ते तेवढ्याच जागी, म्हणून बुरशीही तिथेच राहते आणि बेडूकमासा बहुधा जगतो. पाय फुटून, शेपूट जाऊन तो बेडूक झाला की अंगभर केराटिन येतं आणि बुरशीही अंगभर पसरते. मग तो मरतो. त्यामुळे बेडूकमाशांनी वळवळणारं डबकं पाहून 'इथे सगळं ठीक आहे' म्हणता येत नाही. मोठ्या बेडकातही सुरुवातीला काही दिसत नाही. कापसाच्या बोळ्यानं कातडी पुसून डीएनए तपासावा लागतो.

'निसर्ग भरून काढतो'

२०१९ सालच्या जागतिक आढाव्यात या रोगानं निदान ५०१ जातींची संख्या घटल्याचं आणि त्यातल्या ९० जाती नामशेष झाल्याचं मानलं गेलं. संख्या घटलेल्या जातींपैकी फक्त १२ टक्के सावरताना दिसतात, ३९ टक्क्यांची घट अजून चालूच आहे. ९० जाती कायमच्या गेल्या, त्या कोण भरून काढणार?

'बेडूक आणून सोडा, डेंग्यू पळेल'

या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण लोक ते खरंच करतात. बादलीभर बेडूक उचलून दुसऱ्या पाण्यात सोडणं म्हणजे बुरशीला घरपोच सेवा देणं. या रोगानं जगप्रवास असाच केला: माणसानं बेडूक हलवले आणि पाणी हलवलं. विदर्भातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत मत्स्यबीज सोडतात, त्या पिशव्यांतही बेडूकमासे येऊ शकतात. ही कल्पनेतली भीती नाही. आपला पावसाळ्यात पिवळाधमक होणारा मोठा बेडूक, इंडियन बुलफ्रॉग, अंदमानात असाच मत्स्यबीजाबरोबर बेटाबेटांवर पसरला. त्याचे बेडूकमासे तिथल्या बेडकांची पिल्लं खातात.

आणि डेंग्यूचं म्हणाल, तर त्याचा डास वाढतो कुठे? कूलरच्या टाकीत, फ्रीजच्या मागच्या ट्रेमध्ये, गच्चीवरच्या टायरमध्ये. तिथे बेडूक राहत नाही, आणि विहिरीत कोंडलेला बेडूक तिथपर्यंत पोचतही नाही. पावसाळा आला की कूलर रिकामा करून कोरडा पुसा, एवढंच काम आहे. जिथले बेडूक तिथे राहिले तर डासांवर वचक राहतो, हे मात्र खरं. कोस्टा रिका आणि पनामात कायट्रिडनं उभयचर संपत गेले, त्यानंतर काही वर्षं मलेरियाचे रुग्ण वाढले, असं २०२२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. बेडूक उपयोगाचा आहे तो त्याच्या जागी.

या मेसेजच्या उत्तरादाखल 'मग आम्हाला झाली तर?' असंही कोणीतरी विचारतं. माणसाला कायट्रिड होत नाही.

'पाण्यात ब्लीचिंग पावडर टाका'

कृपा करून टाकू नका. त्यानं बेडूकमासे, मासे, गोगलगायी, सगळंच मरेल. ब्लीच कामाचं आहे ते बूट, जाळी आणि बादली धुवायला, तेही तळ्यापासून लांब. धुतल्यावर सगळं उन्हात कडकडीत वाळवा. पूर्ण सुकलं की ही बुरशी मरते. चिखलदऱ्याला जाणाऱ्यांनी एवढं केलं तरी पुष्कळ.

रस्त्यावर चिरडलेले बेडूक पावसाळ्यात दिसतातच, त्यांचा या रोगाशी संबंध नाही. पण एकाच पाण्याच्या काठी, अंगावर जखम नसलेले पाच-दहा बेडूक मेलेले दिसले, तर उघड्या हातानं उचलू नका. फोटो काढा, जागा आणि तारीख लिहून ठेवा आणि वनविभागाला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्र विभागाला त्याच दिवशी कळवा. या हवेत बेडूक लवकर कुजतो, आणि कुजलेल्या कातडीत बुरशी शोधणं अवघड होऊन बसतं.