झबल्यांवर लेबल का नाही: बाळंतविड्याच्या एक-स्टार रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई. आधी मावशी झाल्याबद्दल अभिनंदन, आणि उत्तराला चार दिवस लागले त्याबद्दल माफी.

तुमची तक्रार थोडक्यात अशी: वेबसाइटवर झबल्यांशेजारी जीओटीएसचा (सेंद्रिय कापडासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा) हिरवा लोगो पाहून तुम्ही भाचीसाठी बाळंतविडा मागवला. खोक्यातल्या टॉवेलवर तो लोगो शिवलेला निघाला; झबली, लंगोट, टोपरी, कुंची यांवर मात्र काहीच नाही. ‘म्हणजे टॉवेल खरा, कपडे खोटे. ऑरगॅनिकच्या नावाखाली साधं सुती गळ्यात मारलं.’

कपड्यांवर लेबल नाही, हे नियमाला धरूनच आहे. चुकीचा होता तो वेबसाइटवरचा लोगो, आणि तो मी लावला होता.

जीओटीएसचं प्रमाणपत्र नुसत्या कापडाकडे बघून मिळत नाही, अख्खी साखळी तपासली जाते. जिनिंग (कापसातून सरकी काढणं), सूतगिरणी, विणाई, रंगाई, शिलाई, पॅकिंग, या प्रत्येक टप्प्यावरच्या कारखान्याची दरवर्षी तपासणी होते. माल एकाकडून दुसऱ्याकडे गेला की त्याच्याबरोबर ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट जातं, धंद्यातले लोक त्याला ‘टीसी’ म्हणतात. रंगातली रसायनं, कामगारांची मजुरी, सांडपाणी, सगळं या तपासणीत येतं. बटणं नि शिलाईचा दोराही सुटत नाही. उद्या कुंचीच्या गोंड्याचाही हिशोब द्यावा लागेल.

आम्ही थान घेतो त्या तमिळनाडूतल्या गिरणीपर्यंत ही साखळी धड आहे. तुटते ती आमच्या दारात. आमची झबली अकरा जणी आपापल्या घरी शिवतात. त्यांच्या शिलाईची तपासणी झालेली नाही, आमच्या दुकानाचीही नाही. एक कडी सुटली की तयार कपड्यावर लोगो लावता येत नाही, आणि जीओटीएसचं नावसुद्धा घेता येत नाही. ‘जीओटीएस कापडापासून शिवलेलं’ असं लिहिलं तर चालेल, अशी माझी समजूत होती. तेही चालत नाही. (त्यामुळे हा परिच्छेद जाहिरात म्हणून वाचू नका. झबल्यांबद्दल आज मी एवढंच म्हणू शकते की ती शंभर टक्के सुती आहेत.)

टॉवेलची गोष्ट वेगळी. तो करूरच्या कारखान्यातून शिवून, लेबल लागून तयार येतो. आम्ही फक्त विकतो. लेबल-पॅकिंगला हात न लावता ग्राहकाला विकणाऱ्या दुकानाला स्वतःचं प्रमाणपत्र लागत नाही. लेबल नीट बघा: लोगोबरोबर दर्जा, तपासणाऱ्या संस्थेचं नाव आणि लायसन्स नंबर असेल. ‘ऑरगॅनिक’ लिहिलं असेल तर किमान ९५ टक्के धागा प्रमाणित सेंद्रिय. ‘मेड विथ’ असं म्हणून टक्केवारी दिली असेल तर किमान ७० टक्के. नंबर जीओटीएसच्या साइटवर टाकला की तो कोणाचा ते कळतं. तिथे आमचं नाव दिसणार नाही, करूरच्या कारखान्याचं दिसेल. कुठेही नुसता लोगो दिसला आणि नंबर नसला, तर विचारा. आमच्या पानावर नंबर नव्हताच. तुम्ही विचारलंत, ते योग्यच केलंत.

चूक झाली ती अशी. गिरणीने पाठवलेल्या नमुन्यांच्या कार्डावर लोगो होता. कापड तेच आहे, मग लपवायचं काय, म्हणून मी तो फोटो पानावर टाकला. खोटं बोलतेय असं तेव्हा वाटलंही नाही. पण २०२० साली आपल्याच देशात खोट्या टीसी दाखवून सुमारे २०,००० टन कापूस सेंद्रिय म्हणून खपवल्याचं जीओटीएसने उघड केलं आणि ११ कंपन्यांवर बंदी घातली. त्यांच्याही हातात ‘कागद’ होतेच. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ग्रीनवॉशिंगविरोधी (पर्यावरणपूरक असल्याचे खोटे दावे रोखणारी) मार्गदर्शक तत्त्वं आहेत: ऑरगॅनिक, नॅचरल, इको-फ्रेंडली असले शब्द वापरायचे तर आधार दाखवावा लागतो. दुकान लहान म्हणून मला सूट मागता येत नाही.

तुम्ही पुढे लिहिलंय की मॉलमध्ये ‘बेटर कॉटन’चे कपडे निम्म्या किमतीत मिळतात, तेही ऑरगॅनिकच. इथे मात्र मी असहमत आहे. बेटर कॉटन हा एका संस्थेचा कापूसशेती सुधारण्याचा कार्यक्रम आहे, तो म्हणजे सेंद्रिय नव्हे. त्यात रासायनिक खत चालतं, जनुकीय बदल केलेलं बीटी बियाणं चालतं. पाणी आणि फवारणी जपून करायला शेतकऱ्याला शिकवणं हा त्याचा भर आहे, आणि ते काम चांगलंच आहे. पण त्यांची जुनी पद्धत ‘मास बॅलन्स’ची. गावच्या डेअरीत तुम्ही दहा लिटर दूध घातलंत आणि संध्याकाळी दहा लिटर घेऊन आलात, तर हिशोब जुळतो, पण ते तुमच्याच म्हशीचं असेलच असं नाही. कापसाचंही तसंच. २०२३ पासून माग काढता येणारा कापूसही त्यांनी आणला आहे, पण तोही सेंद्रिय ठरत नाही.

बाळाच्या अंगाला रसायन लागेल ही तुमची काळजी असेल, तर ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० हे लेबल बघा, त्यासाठी कापडात घातक रसायनं आहेत का ते तपासतात. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी त्याचा पहिला, सगळ्यात कडक वर्ग आहे. कापूस कसा पिकवला, हे मात्र ते सांगत नाही.

टोपऱ्याचा लाल रंग गेला असंही तुम्ही लिहिलंय, त्याला सबब नाही. तो लॉट काढून टाकला.

लोगो तुमचा रिव्ह्यू वाचला त्याच रात्री काढला. त्या पानावरून ज्यांनी ज्यांनी खरेदी केली त्या सगळ्यांना मेसेज गेला आहे, पैसे परत हवे असतील तर मिळतील असा. शिलाई तिरुपूरच्या प्रमाणित युनिटला दिली तर लेबल मिळेल. मग या अकरा जणींचं काम जाईल, म्हणून ते करत नाही. इथल्या शिलाईचं प्रमाणपत्र घ्यायची चौकशी केली, आमच्या खपाला तो खर्च झेपत नाही. किंमत काय ठेवायची हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. थान महागच येतं, आणि ते का महाग हे आता मला गिऱ्हाइकाला सांगता येत नाही. तोवर झबली कमी नफ्यात विकतो आहोत.

तुमचे पूर्ण पैसे आज परत केले आहेत, टॉवेलचेही. कपडे परत पाठवायचे असतील तर कुरिअर आमच्या खर्चाने, धुतलेले असले तरी चालतील.